मदत हवी आहे - दात शिवशिवतात आणि वरचेवर तोंडही येतं, टूथपेस्ट नेमकं काय बघून घ्यायची?

मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा प्लीज. हल्ली गार पाणी प्यायलं की वरच्या डाव्या सुळ्यातून एकदम सणक जाते, क्षणभरच टिकते पण डोळे गच्च मिटले जातात इतकी जोरात. ब्रशचे केस तिथे लागले तरी तेच. आरशात नीट बघितलं तर हिरडी थोडी वर सरकलीये आणि दात जिथे हिरडीत शिरतो तिथे बारीक खाच आहे, वरून खाली नख फिरवलं तर नख अडकतं. काळं वगैरे काही दिसत नाही. डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतलीये पण ती लांबची मिळाली, तोवर निदान पेस्ट तरी बरोबर वापरावी म्हणून वाचायला बसले तर डोकं भंजाळून गेलं.

मला कळलं ते असं की इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराच्या, खालचं डेंटिन (दाताचा आतला मऊ थर) उघडं पडलं की त्यातल्या सूक्ष्म नळ्यांमधला द्रव गार लागल्यावर हलतो आणि ते आतल्या नसेला जाणवतं, म्हणून ती सणक. त्यावर काही पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट असतं, ते नस शांत करतं, आणि काहींमध्ये स्टॅनस फ्लोराईड किंवा आर्जिनिन असतं, ते त्या नळ्यांची तोंडंच बुजवतं. मग खाच पडलेल्या दाताला यातलं कुठलं घ्यायचं?

आणि दुसरं म्हणजे मला वरचेवर तोंड येतं, गालाच्या आतून पांढरे फोड, तिखट तोंडात धरवत नाही. ते पेस्टमुळे असू शकतं का? घरात व्हायटनिंगवाली पेस्ट पण आहे, नवऱ्याची, आणि मुलगी चार वर्षांची आहे, तिला आमच्यातलीच दिली तर चालेल का? सगळ्यांना मिळून एकच पेस्ट असती तर किती बरं झालं असतं.

प्रतिसाद:
ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं. पुढे मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते सोडा, ट्यूब उलटी करून फ्लोराईड किती पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) आहे ते बघा. मोठ्यांसाठी १००० ते १५०० पर्यंत हवं. दात किडू नये यासाठी पेस्टमधली खरी कामाची गोष्ट हीच, बाकी चव, रंग, जेल की पांढरी हे ज्याच्या त्याच्या आवडीवर. (ट्यूबच्या तळाशी हिरवी-काळी पट्टी असते त्यावरून पेस्ट नैसर्गिक की केमिकलवाली ते कळतं म्हणतात ना, ते साफ खोटं आहे. ट्यूब कुठे कापायची ते मशीनला समजावं म्हणून ती खूण असते, बस.)

तुमच्या खाचेसाठी मी स्टॅनस फ्लोराईडवाली घेईन, कारण शिवशिवणं, कीड आणि हिरड्यांची सूज तिन्हीवर ते उपयोगी पडतं. कधीकधी दातांवर पिवळट डाग येतात त्याने, पण ते वरवरचे असतात, क्लीनिंगला निघतात. पोटॅशियम नायट्रेटची घेतलीत तर धीर धरा, दोन-चार आठवडे रोज दोनदा वापरल्यावर फरक पडतो, लोक चार दिवसांत कंटाळून सोडून देतात आणि म्हणतात काही उपयोग नाही. आणि कुठलीही घ्या, ब्रश झाल्यावर फेस नुसता थुंका, खळाखळा चूळ भरू नका, नाहीतर ते फ्लोराईड दातावर थांबणार कधी?

व्हायटनिंगची मात्र तुम्ही वापरू नका. ती वरचे डाग घासून काढते, दाताचा मूळ रंग त्याने फारसा बदलत नाही, आणि त्यातल्या काही पेस्ट चांगल्याच खरखरीत असतात. कोळशाच्या पण तशाच. डेंटिन इनॅमलपेक्षा खूप मऊ असतं, ते झिजत गेलं तर खाच अजून खोल होणार.

मुलीला फ्लोराईडची पेस्ट चालते, पण वाटाण्याएवढीच द्या आणि थुंकते ना ते उभं राहून बघा. तीन वर्षांच्या आतल्यांना तर तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. शिवशिवण्यावरची पेस्ट लहान मुलांना डेंटिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रतिसाद:
तोंड येण्याबद्दल सांगते, मला हाच त्रास होता. घटकांमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट आहे का बघा. फेस त्याचाच होतो, आणि काही जणांच्या तोंडातल्या नाजूक त्वचेला ते सोसत नाही. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण ते नसलेली पेस्ट घेऊन बघायला काय हरकत आहे? मला बराच फरक पडला. फोड दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर मात्र डॉक्टरला दाखवा.

प्रतिसाद:
पेस्टचं सगळं बरोबर आहे पण खाच पडली कशाने ते शोधा हो. कडक ब्रश आणि आडवं रगडून घासणं, बहुतेक वेळा हेच निघतं. मऊ ब्रश घ्या, हिरडीकडे तिरपा धरून हलक्या हाताने छोटे गोल फिरवा. आंबट खाल्लं-प्यायलं की लगेच घासू नका, आम्लाने इनॅमल तेवढ्यापुरतं मऊ पडतं, अर्धा तास जाऊ दे. आणि गरम लागून कळ बराच वेळ राहिली, रात्री आपोआप ठणकलं किंवा चावताना एकाच दातात दुखलं तर पेस्ट बदलत बसू नका, अपॉइंटमेंट अलीकडे घ्या, कारण कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असू शकते किंवा दाताला तडा असतो.

खूप आभार सगळ्यांचे! रात्री ठणकत नाही, गरमाचं पण काही होत नाही, फक्त गारच लागतं. मग आता स्टॅनस फ्लोराईड आहे आणि सोडियम लॉरिल सल्फेट नाही अशी एकच पेस्ट शोधते. मिळाली नाही तर आधी कशाला महत्त्व देऊ, खाचेला की तोंड येण्याला?

प्रतिसाद:
तोंड येण्याला. फोड असताना तुम्ही नीट ब्रशच करणार नाही. सल्फेट नसलेली, फ्लोराईड आणि पोटॅशियम नायट्रेट दोन्ही असलेली पेस्ट घ्या आणि झोपताना थोडी बोटाने त्या खाचेवर चोळून तशीच राहू द्या. खाच खोल असेल तर डेंटिस्ट तिथे फिलिंग करतात, ते विचारून घ्या.