पाच दिवसांच्या पिल्लांना रोज एक नवीन वास द्यायचा म्हणतात, खरं काय हे?

कडोलीची_सूनबाई
नमस्कार. आमच्या राणी कुत्रीला (मुधोळ ह्या शिकारी जातीचा क्रॉस हाय) सोमवारी रात्री सहा पिल्लं झालीत, गोठ्यात पिंजर टाकून वर पोतं अंथरलंय, आज पाचवा दिवस. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला की तिसऱ्या दिवसापासून पिल्लांच्या नाकासमोर रोज एक वेगळी वस्तू धरायची, त्यानं कुत्रं पुढं हुशार होतंय. खरं आमच्या आत्ती म्हणतात महिनाभर हातच लावू नको, माणसाचा वास लागला की आई पिल्लं टाकून देते. मला दोघांचंही पटतंय आणि भीतीबी वाटतेय, कारण डोळे अजून मिटलेले, कान बंद, एवढ्याशा जिवाला काय कळणार? दोन पिल्लं आम्ही ठेवणार, एक मामांच्या मेंढरांसाठी द्यायचंय. कुणी केलंय का हे?

निपाणीचा_श्वानवाला
वहिनी, भाऊ बरोबर सांगतोय. डोळे कान बंद असले तरी नाक जन्मापासून चालू असतंय, नाहीतर आंधळं पिल्लू दुधापर्यंत पोचलं असतं कसं? डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, कान त्याच्या थोडं मागून, तोवर त्याचं सगळं जग म्हणजे वास आणि स्पर्श. अमेरिकेत गेल वॉटकिन्स म्हणून बाई हायत त्यांनी ही पद्धत बसवली, तिसऱ्या दिवसापासून सोळाव्यापर्यंत रोज एकच वास. मी गेल्या दोन वेताला केलंय. पिल्लू जागं असताना, दूध पीत नसताना, एका हातात उचलायचं आणि वस्तू नाकापासून बोटभर लांब धरायची, नाकाला चिकटवायची नाही. अर्धा मिनिट बास. पुढं सरकलं, हुंगलं तर अधिक, तोंड फिरवलं तर वजा, काहीच नाही केलं तर शून्य, असं कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. वजा आलं म्हणून काळजी नको आणि परत परत धरायचंही नाही. मी ओली माती, चुरडलेली कोथिंबीर, तुळशीचं पान, गुळाचा खडा, नवी चामडी चप्पल, कोंबडीचं पीस असं घेतलं होतं. एक सांगतो, आमच्या निपाणीत घरोघरी तंबाखू, म्हणून लोक तीच पुढं करतात, ती अजिबात नको, निकोटीन कुत्र्याला विष हाय.

आणि आत्तींना सांगा, ज्या माणसाला राणी रोज ओळखते त्याच्या हाताचा वास लागला म्हणून ती पिल्लं टाकत नाही. अनोळखी माणसांची गर्दी मात्र करू नका, तेवढं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

संकेश्वर_पशुसेवा
मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो म्हणून ताई कळकळीनं लिहितोय, वासाच्या आधी ऊब बघा. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही, अंगाची गरमी स्वतः धरता येत नाही, आणि आपल्याकडं आषाढात बेळगावचा गारठा कसा असतोय ते तुम्हाला सांगायला नको. पिल्लांजवळ तीस डिग्रीच्या आसपास पाहिजे. माझ्या घरच्याच कुत्रीची दोन पिल्लं ह्यानं गेलीत, रात्री लाईट गेली, बल्ब बंद पडला, पोतं खालून ओलं झालेलं आणि मी झोपलो होतो. सकाळी हातात घेतलं तर दगडासारखी गार. ते अजून विसरलो नाही. एका बाजूलाच बल्ब लावा म्हणजे गरम झालं तर सरकायला जागा राहते, आणि किचनच्या काट्यावर रोज वजन करा, आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट व्हायला पाहिजे. ज्याचं वजन वाढत नाही त्याला वास-बीस काही नको, आधी डॉक्टर.

कापूर, डांबरगोळ्या, निलगिरीचं तेल, फिनेल, उदबत्ती, मिरचीपूड ह्यातलं काही नाकाजवळ न्यायचं नाही. गोठा फिनेलनं धुता काय? आत्ता बंद करा.

अथणी_मेंढरंवाला
अक्का, मुधोळ म्हणजे नजरेचं कुत्रं, ससा दिसला की सुटलं. मुधोळजवळ तिम्मापूरच्या केंद्रातली पिल्लं २०१६ ला मेरठला मिल्ट्रीच्या ट्रेनिंगला गेली तेव्हा आमच्या भागात केवढा आनंद झाला होता. पण ते नजरेवर चालणारं, म्हणून नाकाच्या शिक्षणानं ते वास काढणारं लॅब्रॅडोर होईल अशी आशा धरू नका. खरं मेंढरांकडं जाणाऱ्या पिल्लाला मेंढराचा वास लवकर मिळालेला बरा, हे मी अनुभवानं सांगतो. मामांचं वापरातलं घोंगडं मागवा, न धुतलेलं, आधी गोचीड बघून झटकून घ्या. आणि खरी सवय तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत लागते, तेव्हा त्याला मेंढरांशेजारी, पोरांत, भांड्यांच्या आवाजात राहू द्या. चौदा दिवस वास दिला आणि मग साखळीला बांधलं तर काय उपयोग?

निपाणीचा_श्वानवाला
अथणीवाल्यांशी सहमत, जादू नाही ही. अजून एक, वास तर पोटातच सुरू होतो. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत गाभण कुत्र्यांच्या खाण्यात बडीशेपेसारख्या वासाचं ॲनिसीड घातलं होतं, त्यांची पिल्लं जन्मून एक दिवस झाला नाही तोवर त्याच वासाकडं वळली, २००६ साली छापून आलंय ते.

कडोलीची_सूनबाई
सगळ्यांचे मनापासून आभार. आज बारावा दिवस. फिनेल त्याच दिवशी बंद केलं, पोत्याखाली लाकडी फळी टाकली, बल्ब एका कोपऱ्यात लावलाय. सगळ्यात बारकं होतं ते २९० ग्रॅमचं आज ६१० भरलं, सहाव्या-सातव्या दिवशी त्याचा काटा हललाच नव्हता तेव्हा डॉक्टरांना दाखवून आले आणि त्याला मागच्या सडाला धरून पाजत होते, मागं दूध जास्त असतंय.

वासाचं सांगते. गुळाला सहाही शून्य. तुळशीला चार वजा, एकानं तर शिंकून मान मागं टाकली. खरं सुकट धरल्यावर जे झालं ते बघायला पाहिजे होतं, पांढऱ्या पायाचं पिल्लू, डोळे अजून मिटलेलेच, मान डुगडुगतेय आणि नाक असं वर वर करत माझ्या मनगटावर चढलं, नाकपुड्या फुलताना दिसत होत्या. आत्ती दारातनं बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी परसातनं ओली माती स्वतःच वाटीत घेऊन आल्या, म्हणाल्या हे धर आज. राणी शेजारी बसून माझा हात चाटत होती.

आज दोघांचे डोळे किलकिले झालेत. पांढऱ्या पायाचं मामांना द्यायचं ठरवलंय, उद्या ते घोंगडं घेऊन येणार हायत.