विषय: चिमीने गणपतीत पियानोवर काय वाजवावं?

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या कार्यक्रमात आमच्या चिमीला (वय ८, शिकतेय अडीच वर्षं) पाच मिनिटं मिळाली आहेत. तिने बेटोव्हेनच्या ‘फ्युर एलीझ’चा हट्ट धरलाय. आम्हाला दोघांनाही यातलं काही कळत नाही. चिमीचे आजोबा पेटी वाजवतात. ते म्हणतात, “उजवा हात गोड आहे, डावा झोपलाय.”
– चिमीची आई

---

चिमीची आई,
आजोबांनी बरोबर नाडी धरली! पेटीवाल्या घरातली मुलं माझ्याकडे येतात ती अशीच. पेटीत डावा हात भात्यावर, गाणं सगळं उजव्याकडे. त्यांच्या कानाला तेच वळण.

‘फ्युर एलीझ’चं पहिलं पान तिला जमेल. पुढे उजव्याची धावपळ आहे, मग डाव्यात एकच सूर ठोकत राहायचा, तिथे भल्याभल्यांची लय पळते. म्हणून सगळी मुलं पहिलंच पान वाजवतात, आणि आपण दर वर्षी तेच ऐकतो. राहू दे दोन-तीन वर्षं.

त्यापेक्षा जर्मन संगीतकार शुमानचा ‘आनंदी शेतकरी’ द्या. १८४८ साली त्याने मुलांसाठी ४३ पीसेसचा संग्रह केला, सुरुवात झाली ती थोरल्या लेकीच्या सातव्या वाढदिवसाच्या निमित्ताने. त्यातला हा दहावा. गंमत म्हणजे इथे चाल डाव्या हातात आहे, उजवा मधल्या फटींत नुसते कॉर्ड (एकदम दाबलेले दोन-तीन सूर) देतो. म्हणजे बुवा डावीकडे, टाळकरी उजवीकडे. पहिला आठवडा फक्त डावा, तोंडाने गात. उजव्याने मांडीवर ठेका. दोन्ही हात एकत्र आले की टाळकरी बुवांवर कुरघोडी करणारच. तेव्हा उजव्याची बोटं पट्टीवरून उचलूच द्यायची नाहीत, तिथल्या तिथे दाबायची. मधे उजवाही चाल उचलतो, तो भाग शेवटी घ्या.

जड गेलं तर बाखच्या नावावर खपणारा जी मेजरमधला मिन्युएट (एक जुना नाचाचा प्रकार) आहेच. बाखची बायको आना माग्दालेना हिच्या १७२५च्या वहीत तो सापडतो, पण रचना ख्रिस्टियान पेट्सोल्ड यांची. त्यातही डाव्याला स्वतःची चाल आहे. हंगेरियन संगीतकार बार्टोकचे ‘मुलांसाठी’मधले हंगेरियन-स्लोव्हाक लोकगीतांचे पीसेस तर काही अर्ध्या मिनिटाचे, सा ते वरचा सा एकदम दाबायचा बोटांना ताण नाही, लहान हाताला सोयीचे. पण त्यांचे सूर मधेच तिरके जातात, मागच्या रांगेतून “चुकली वाटतं” ऐकू येईल.
– पियानोवाली मावशी

---

मावशी, हॉलवर पियानो नाही, ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. पेडल गेल्या वर्षीपासून हरवलंय. चालेल?
– कार्यक्रम समिती

---

शेतकऱ्याला पेडल लागत नाही. मात्र स्टँड डुगडुगतो, त्याचं बघा. आणि खुर्चीवर उशी द्या, कोपर पट्ट्यांच्या पातळीत यायला हवं.
– मा.

---

काल पांढरी चारचा सा धरून डाव्या हाताची चाल पेटीवर काढली. चिमी म्हणते, “आजोबा, हे तर उजव्या हाताने वाजवताय!” आता भाता ती मारते आणि मी डाव्याने वाजवतोय. फार वाईट वाजतंय.
– चिमीचे आजोबा