चुलतभावानं कोठ्यात नाग ठेवला, याचा परवाना निघते का?

पराटीवाला
राम राम मंडळी. गाव आर्णी तालुक्यात आहे, नाव नाही सांगत. माह्या मोठेबाबाचा पोट्टा कॉलेजले आहे, सर्पमित्रांसंगं फिरते, धामण-बिमण पकडून सोडून देते इथपर्यंत ठीक होतं. पण आता शेजारच्याच्या कुटाराच्या ढिगातून गव्हाळ्या नाग धरला आन तो सोडलाच नाही, जुन्या फिश टँकमध्ये कोठ्यात ठेवून देला, वरून प्लायवूड. नाव ठेवलं शेरू. म्हणते आता तो मले ओळखते, फणा पण काढत नाही, मी पाठीवरून हात फिरवतो. रील टाकते रोज. मोठीआई पचमढीच्या नागद्वार यात्रेले जाणारी, तिनं दुधाची वाटी ठेवणं सुरू केलं, मोठेबाबा म्हणतात श्रावण होऊ दे मग पाहू. मी बोललो त म्हणते अमेरिकेत लोकं घरी कोब्रा पाळतात, आपल्याकडे बी परवाना निघत असन, आन लयच भीती वाटत असन त दात काढून टाकतो. कोठ्यात ढोरं आहेत, लहान पोट्टे खेळतात. परवाना निघते का खरंच? आन दात काढले त धोका संपते का?

दारव्हा_सर्पमित्र
भाऊ, परवाना-बिरवाना काही निघत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरी शौक म्हणून नाग पाळाची सोयच नाही, आन २०२२ ची जे दुरुस्ती झाली ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, त्यात नाग, परड (घोणस), धामण तिन्ही शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. शिक्षा ३ ते ७ वर्षं, दंड कमीत कमी २५ हजार. ज्याच्यापाशी वनविभागाचं कार्ड आहे त्याले बी साप धरला त कळवून निसर्गात सोडाच लागते, कार्ड म्हणजे ठेवाचा परवाना नाही. आन हा पोट्टा रोज रील टाकून स्वतःच पुरावा तयार करून रायला.

आता दाताचं. विषदाताच्या मागं नवीन दात तयारच असतात, नागाचे दात तसेही पडतात आन मागचा पुढं येते. उपटले त तोंडात पस होते, साप खाणं सोडते, मरते. आन विषाची थैली कुठं जाते? ते डोळ्याच्या मागं हाये तिथंच रायते, नवा दात आला का काम चालू. गारुडी हेच करत होते, तोंड बी शिवत होते, उपाशी साप नागपंचमीले दूध ‘पिते’ ते तहानेनं, त्याले दूध पचत नाही. मोठीआईले सांगा वाटी उचला, त्यानं साप मरन आन पाप लागन ते वेगळंच.

ओळखते म्हणणं त सोडूनच द्या. फणा काढत नाही म्हणजे दोस्ती नाही, त्याले कळलं की पळाले जागा नाही. उंदीर टाकतो तेव्हा झाकण उघडते, म्हणजे झाकण उघडलं का खाणं, एवढंच तो शिकला. ज्या दिवशी हाताले उंदराचा वास रायला त्या दिवशी हातच उंदीर.

उमरखेडचा_बाळू
अबे पाळाची काय गरज, आमच्या वावरात पराटीत (कापसात) फुकट फिरतात, वरून ओलिताले रात्रीची लाइन. या म्हणा त्याले, पाह्यजे तेवढे शेरू देतो 😂

फणाधारी
सगळे भीती दाखवून रायले. पुण्याच्या नीलिमकुमार खैरेंनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले, काही झालं का? अमेरिकेत बिल हास्ट म्हणून होता, शेकड्यानं साप हाताळायचा, चावे खाल्ले आन १०० वर्षं जगला. शिकला त जमते. पोट्ट्याले दम देण्यापेक्षा साप उचलाचा हुक वापराले शिकवा, चांगला टँक घेऊन द्या.

वाचनवेडा_अमरावती
फणाधारी भाऊ, अर्धी गोष्ट सांगितली. खैरेंनी ते लोकांना दाखवायला केलं की सापाला डिवचलं नाही त तो उगाच चावत नाही, पाळायला शिकवलं नाही, नंतर कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. हास्टचं घर नव्हतं, मायामीला विष काढायचं केंद्र होतं, तो १९४८ पासून स्वतःला थोडं थोडं नागाचं विष टोचून घ्यायचा, तरी पावणेदोनशेच्या आसपास चावे आणि बोटं कामातून गेलेली. फ्लोरिडामध्ये विषारी साप ठेवायचा तर लायसन लागते, आणि ते काढायच्या आधी अनुभवाचे १००० तास दाखवावे लागतात. रील नाही चालत तिथं.

आणि शिकलेल्यांचं सांगतो. कार्ल श्मिट, शिकागोच्या म्युझियमचा मोठा सर्पतज्ज्ञ, १९५७ मध्ये बूमस्लँग या आफ्रिकेतल्या विषारी सापाचं पिल्लू चावलं, मनावर घेतलं नाही, दवाखान्यात गेला नाही, स्वतःची लक्षणं वहीत लिहीत राहिला आणि दुसऱ्या दिवशी गेला. दुसरा अमेरिकेचा सर्पतज्ज्ञ, जो स्लोविन्स्की, २००१ मध्ये उत्तर म्यानमारच्या जंगलात होता, पिशवीतला साप बिनविषारी समजून हात घातला, निघाली मण्यारच्या जातीची. श्वास बंद पडायला लागला तर सोबतचे लोक आळीपाळीनं तोंडानं श्वास देत राहिले, एक दिवसाच्या वर, मदत पोहोचलीच नाही. त्याला जगातले साप पाठ होते हो, कमी पडलं ते व्हेंटिलेटर. आर्णीच्या आतल्या गावाला हीच गोष्ट लागू पडते, मण्यार असो का नाग.

ड्यूटीवाली_ताई
मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, वाचनवेडा दादांच्या शेवटच्या ओळीवरच लिहिते. नाग चावला की पापण्या खाली यायला लागतात, गिळता येत नाही, बोलणं जड होतं, मग श्वास. चावलेल्या जागेचं मांस काळं पडून सडतं ते वेगळं, वाचलेल्यांना नंतर कातडी लावायला लागते. सापाच्या विषावरची लस आमच्याकडे असते, सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत, साधारण १० बाटल्यांपासून सुरुवात, लहान लेकराला पण तेवढीच कारण विष तेवढंच गेलेलं असतं. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, एखाद्याला तिचीच रिअॅक्शन येते म्हणून अॅड्रेनॅलिन भरून बाजूला ठेवतो. पण श्वास थांबला तर नळी टाकून यवतमाळच्या मेडिकलला पाठवावं लागतं आणि तो रस्ता तुम्हाला माहीत आहे, पावसाळ्यात तर विचारूच नका.

सगळ्यात जास्त राग येतो तो उशिराचा. आधी मारुतीच्या पारावर नेतात, मग कडूलिंबाचा पाला चारतात कडू लागतो का पाहायला, दोरीनं पाय इतका आवळतात की निळा पडतो, ब्लेड मारतात. असलं काही करू नका. अंगठी, कडं, घड्याळ काढायचं, हातपाय हलू द्यायचा नाही, १०८ नाहीतर गावातली जी गाडी मिळेल ती. आणि घरात पाळलेला साप चावला की पोरं घरी सांगतच नाहीत, मार पडेल, केस होईल म्हणून. पराटीवाले दादा, भावाला एवढं तरी सांगून ठेवा की चावला तर लपवायचं नाही.

पराटीवाला
ताई, दादा, हात जोडतो. मोठेबाबाले हे सगळं वाचून दाखवलं, आता ते घाबरले. पण वनविभागाले सांगितलं त पोट्ट्यावर केस होईन ना? रात्री तांड्याकडच्या नाल्यात नेऊन सोडू का आम्हीच?

दारव्हा_सर्पमित्र
सोडू नका तुम्ही. त्याच्या तोंडाले जखम आहे का ते पाहा लागते, आन अंधारात टँक उचलतानाच कोणाले तरी चावन. १९२६ वर फोन करा, हॅलो फॉरेस्ट, नाही त तुमच्या बीटच्या गार्डले बोलवा, स्वतःहून देऊन रायलो म्हणा. केस होणार नाही असं मी लिहून नाही देत, पण रेड पडल्यावर सापडणं आन स्वतः बोलावणं यात लय फरक आहे. तोवर प्लायवूडवर दोन विटा ठेवा, ढोरं बाहेर बांधा, कोठ्याले कुलूप, चावी मोठेबाबापाशी. पोट्ट्यापाशी नाही. रील डिलीट करू नका म्हणा घाईघाईनं, विचारलं त खरं सांगा. आन पोट्टा येईन तेव्हा येऊ द्या माह्याकडं, आमच्या ग्रुपमध्ये पहिले बिनविषारी कवड्या आन विषारी मण्यार यातला फरक ओळखाले शिकवतो, हात न लावता.

फणाधारी
बरं बाबा. पण मांडूळ त बिनविषारी आहे ना, ते ठेवलं त?

दारव्हा_सर्पमित्र
ते बी कायद्यातच येते. आन मांडुळाच्या नावानं लाखाचे सौदे सांगणारे सगळे चारसोबीस असतात, तुले कोणी फोन केला असन त नंबर ब्लॉक कर पहिले.