सभेत खरं बोलले आणि मंडळी दुभंगली. माझं चुकलं का?

कृष्णाकाठ (सातारा)

सर्वांना सलाम.

गेल्या महिन्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) वार्षिक सभा झाली. हिशेब वाचून झाले, छपराच्या गळतीचं ठरलं. मग पाळकसाहेबांनी विचारलं, आणखी कुणाला काही बोलायचंय का? मी उठले. म्हटलं, प्रभुभोजनाला आपण एकाच भाकरीचे वाटेकरी होतो, पण सोयरिकीची बोलणी निघाली की पहिला प्रश्न असतो, "मूळचे कोण?" म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीची जात कोणती. आजोबांच्या बाप्तिस्म्याला तीन पिढ्या लोटल्या तरी हाच प्रश्न. याच वर्षी आपल्यातलं एक जमलेलं लग्न त्याच्यावरून मोडलं.

मी नाव घेतलं नाही. पण त्या रविवारपासून चार घरं उपासनेला येत नाहीत. भगिनी मंडळात मी गेले की बायका गप्प होतात. पंचांपैकी एकजण म्हणाले, "तुम्ही मंडळी फोडली."

मला बायबलातलं मत्तय १०:३४ आठवतं. मी शांतता नव्हे तर तलवार आणायला आलो, असं खुद्द प्रभू म्हणाला. सगळे खूश राहतील एवढंच बोलायचं, तर नाथान संदेष्ट्याने पाप केलेल्या दाविद राजाच्या तोंडावर "तो माणूस तूच" कशाला म्हणायचं? तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने सांगा.

जुनं_कंपाउंड

ताई, मी अनेक वर्षं पंच होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमचा मुद्दा खरा, रीत चुकली. मत्तय १८:१५ काय सांगतं? आधी एकट्याने जाऊन बोला. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घ्या. मंडळीसमोर जायचं ते सगळ्यात शेवटी. तुम्ही शेवटची पायरी पहिली घेतलीत. नाथानसुद्धा दाविदाकडे गेला होता, चौकात उभा राहिला नव्हता.

मिरज_जंक्शन

काका, पण अंत्युखियाचं काय? गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय. पेत्र आधी यहुदी नसलेल्या परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. याकोबाकडची यहुदी माणसं आल्यावर पंगतीतून मागे सरला, त्याचं बघून बर्णबासुद्धा ओढला गेला. पौल त्याला बाजूला घेऊन कुजबुजला नाही, सर्वांसमोर बोलला. कारण गोष्ट एकट्या पेत्राची उरली नव्हती, सगळ्या पंगतीची झाली होती. आमच्याकडे 'मूळचे कोण' हा तसाच पंगतीचा प्रश्न आहे. खासगीत तो सगळेच मान्य करतात, पुढच्या स्थळाला पुन्हा विचारतात.

अजिंक्यतारा_०७

मी ख्रिस्ती नाही, कुतूहलाने वाचतोय. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचं काम सोडून आमच्या साताऱ्यातच 'देवाचा दरबार' उभा केला ना? बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. तेव्हाही कुणीतरी दुखावलंच असेल.

जुनं_कंपाउंड

टिळकांनी मिशन सोडलं, म्हणजे किंमत स्वतः मोजली. मला तेच म्हणायचंय. आणखी एक, जात आमच्यात फक्त मनातून येत नाही, कागदातूनही येते. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. त्यामुळे कित्येक घरं कागदावर एक आणि देवळात एक अशी जगतात. 'मूळचे कोण' विचारणाऱ्यातला एखादा बाप पोरांच्या जातीच्या दाखल्याच्या काळजीनेही विचारतो. सभेत एका वाक्यात हे मावत नाही.

मिरज_जंक्शन

दाखल्याची अडचण खरी, काका. पण ज्यांना दाखल्याची गरजच नाही, अशा घरांतही हाच प्रश्न ऐकलाय मी.

माहुली_घाट

मला राहवत नाही म्हणून लिहितेय. मत्तय १०:३४ पुढे वाचा, ताई. तिथे तलवार शिष्यांच्या हातात नाही. प्रभूमागे गेल्यामुळे घरचेच लोक ज्यांचे वैरी होतील, त्यांना तो आधीच सावध करतोय. ३८ व्या ओवीत तर स्वतःचा वधस्तंभ उचलायला सांगितलाय. तुमच्या सभेत वधस्तंभ कुणी उचलला? नाव घेतलं नाहीत म्हणता. आपली मंडळी केवढी, त्यात लग्न मोडलेली मुलगी कोण, हे कुणाला कळलं नसेल? तिला विचारलं होतंत का?

कृष्णाकाठ (सातारा)

माहुलीताई, नव्हतं विचारलं.

तुमचं लिहिणं काल रात्री वाचलं, झोप लागली नाही. मी पंचांकडे बघत होते, सासरच्या होणाऱ्या माणसांकडे बघत होते. ती मुलगी तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसली होती आणि मान खाली घालून स्तोत्रसंहिता उघडून बसली, हे मला आता आठवतंय. त्या चार घरांतलं एक घर तिचं आहे. मी समजत होते की ते माझ्या विरोधात गेलेत.

काका, तुमची पायरी चुकल्याची गोष्टही मान्य. त्या मुलाच्या वडिलांशी आधी बोलायला हवं होतं, निदान एकदा.

पण सभेत जे म्हटलं ते मी मागे घेणार नाही. पंचांनी 'गैरसमज झाला' असं लिहून मागितलंय. गैरसमज झालेला नाही. लग्न त्याच प्रश्नावर मोडलं आणि पुढचंही मोडेल.

या रविवारी प्रभुभोजन आहे. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं मत्तय ५ मध्ये आहे. शनिवारी संध्याकाळी तिच्या घरी जाते. तिने दार उघडलं तर माफी तिच्याकडे मागेन, पंचांकडे नाही.

माहुली_घाट

जा ताई. आणि तिला बोलायचं नसेल तर बोलायला लावू नका.