मंडळ मिटवा, पण शिल्लक वाटू नका
मंडळ बंद करायचं तर ‘शिल्लक पैसे पोरांत वाटून घ्या नि कुलूप लावा’ असं कुणीतरी सुचवलंय. तेवढं करू नका, भाऊ. मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं असेल तर बरखास्तीला किमान तीन-पंचमांश सभासदांचा ठराव लागतो. देणी भागवून उरलेलं सभासदांना घेता येत नाही, दुसऱ्या संस्थेकडे जातं.

आमचं निफाडकडचं मंडळ असंच मिटलं. ऑक्टोबर छाटणी लागली की निम्मी पोरं द्राक्षबागेत, बाकीची नाशिकला अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये. बैठकीला आम्ही तिघं आणि चहावाला! (वर्गणीवर भांडायला मात्र सगळे हजर.) कॅरम नि ढोल शेजारच्या गावच्या नोंदणीकृत मंडळाला दिले. ताशा कुणाच्या घरी आहे, अजून कळलेलं नाही.