गेलेल्या माणसाच्या खर्चाची मोघम मागणी आली तर काय उत्तर दिलंत? अनुभव लिहा

धागाकर्ती, पुणे

आमचे मोठे काका गेल्या वर्षी गेले. मूलबाळ नाही, काकू आधीच गेलेल्या. शेवटचं वर्ष ते अंथरुणालाच खिळून होते. खर्च कधी बाबांनी केला, कधी दोन्ही आत्यांनी, बराचसा काकांच्या पेन्शनमधून झाला. लिहून कुणीच ठेवलं नाही. आता दूरच्या एका नातेवाइकांची वकिलामार्फत नोटीस आली आहे: आजारपणात व उत्तरकार्यात आमच्या अशिलाने केलेला खर्च रु. ३८,०००, पंधरा दिवसांत द्यावा. कशावर, कोणत्या तारखेला, कुणाच्या सांगण्यावरून, यातलं एक अक्षर नाही.

ते गृहस्थ हॉस्पिटलात येत-जात होते, हे खरं आहे. स्मशानातलं सामान त्यांनीच आणलं होतं, हेही खरं आहे. बाबा म्हणतात, देऊन टाकू, तोंडं वाकडी नकोत. आत्या म्हणतात, एक पैसाही नाही. रक्कम अशी की वकील करावा तर त्याची फी जड, आणि सोडून द्यावी तर मनाला लागतं.

असा प्रसंग ज्यांच्यावर आला, त्यांनी नेमकं काय उत्तर दिलं ते सविस्तर लिहा. तुमच्याकडूनच कुणाचं येणं राहिलं असेल आणि मागायला जड गेलं असेल, तर तेही लिहा.

कोल्हापूरहून

आमच्याकडं बाराव्यालाच मागणी झाली. जेवणं उरकली, पाहुणे अजून बसलेले, आणि वडिलांचे एक मित्र उठून म्हणाले, "दादा गेले, पण माझे चाळीस हजार राहिले." भाऊ तापला. आईनं त्याला गप्प केलं आणि त्यांना एवढंच म्हणाली, "भावजी, महिना होऊ दे. तुमचं जे काही लिहिलेलं असंल ते घेऊन या, आमच्याकडचं आम्ही काढून ठेवतो."

महिन्यानं ते वही घेऊन आले. नोंद जुनी, २०१६ सालची. त्यावर वडिलांची सही नाही, मधल्या वर्षांत परतफेडीची नोंद नाही. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणं हातउसन्या पैशाचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. ती मुदत संपायच्या आत तुम्ही लेखी कबुली दिली किंवा थोडे पैसे देऊन तसं लिहून दिलंत, तर तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. मुदत संपल्यावरसुद्धा 'देतो' असं लिहून सही केलीत तर ते अंगाशी येऊ शकतं. म्हणून व्हॉट्सॲपवर 'काका, थोडे थोडे देतो' असं सहज लिहू नका. चांगुलपणानं लिहिलेलं वाक्य कबुली म्हणून पुढं येतं.

आता कायदा आमच्या बाजूनं होता. पण वडिलांच्या डायरीत त्यांच्याच अक्षरात 'वीस घेतले' अशी नोंद सापडली. आई म्हणाली, ह्यांनी लिहिलंय म्हणजे घेतलेत. वीस दिले, चाळीस नाही. पावतीवर 'या व्यवहाराचे पूर्ण व अंतिम, पुढे काही येणे नाही' असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. व्याजाचा विषय त्यांनी काढला होता. दामदुपटीच्या नियमानं व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त होत नाही, हे वकिलांनी समजावल्यावर तो तिथंच थांबला.

ठाण्याहून

सासऱ्यांच्या फ्लॅटवर सोसायटीनं 'देखभाल व इतर थकबाकी ६१,०००' असं पत्र दिलं. इथं 'आमचा संबंध नाही' म्हणून चालत नाही. ती थकबाकी फ्लॅटला चिकटते आणि नाव हस्तांतरणाच्या वेळी समोर येतेच. आम्ही सेक्रेटरींना तीनच गोष्टी लेखी मागितल्या: सभासदाचा खातेउतारा, 'इतर' म्हणजे काय आणि त्याचा सर्वसाधारण सभेतला ठराव, आणि व्याजाचं गणित. गणितात चक्रवाढ निघाली. तेव्हाच्या आदर्श उपविधींप्रमाणं (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) व्याज सरळ होतं आणि जास्तीत जास्त वार्षिक २१ टक्के. नव्यानं हिशोब झाला, आकडा चांगलाच उतरला, तो भरून थकबाकी नसल्याचा दाखला घेतला. पत्राची पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.

नाशिकहून

माझं थोडं लांबेल, कारण यात तिसरंच माणूस भरडलं जात होतं.

आईला शेवटचे आठ महिने चोवीस तासांची सेविका होती, सेविका पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत. आई गेली आणि महिनाभरानं ब्यूरोचं बिल आलं: शेवटच्या दोन महिन्यांचे ५२,०००, त्यात 'साहित्य व अन्य ७,५००'. माझ्या आठवणीप्रमाणं एका महिन्याचे पैसे गेले होते. बहीण म्हणाली, ब्यूरोवाले लुटतात, थेट नाही म्हण.

मी नाही म्हटलं नाही. मला त्या बाईंचा चेहरा दिसत होता. रात्री दोन-दोनदा उठून आईची कूस बदलणारी बाई. तिचा पगार राहिला असेल तर तो आमच्या घराला शोभत नव्हता. म्हणून आधी तिला फोन केला. शेवटच्या महिन्याचा पगार तिला ब्यूरोकडून मिळालाच नव्हता. 'पेशंटच्या घरून पैसे आले नाहीत' असं तिला सांगितलं होतं.

मग मी ब्यूरोला पत्र लिहिलं. तारीखवार हजेरी द्या, करारात ठरलेला दर आणि तुमचं कमिशन वेगळं दाखवा, साहित्याच्या पावत्या जोडा, आमच्याकडून आलेल्या रकमा वजा करून दाखवा. माझ्याकडे भिंतीवरचं कालनिर्णय होतं. आईची औषधं, शी-शू, बाईंची सुट्टी, बदली बाई आली तो दिवस, सगळं त्यावर खुणा करून ठेवलेलं. बँकेच्या पासबुकात एका महिन्याची रक्कम सापडली. साहित्याच्या पावत्या शेवटपर्यंत आल्या नाहीत. राहिला एका महिन्याचा हिशोब. तो आम्ही ताबडतोब मान्य केला, पण पैसे देताना अट घातली की सेविकेला पगार मिळाल्याची तिची सही त्याच पावतीवर हवी.

१९२५च्या भारतीय वारसा कायद्यात मृताच्या संपत्तीतून कुणाला आधी द्यायचं याचा क्रम आहे, हे मला नंतर समजलं. अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारातला वैद्यकीय खर्च सगळ्या कर्जांच्या आधी येतो. मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली मजूर, कारागीर आणि घरकाम करणाऱ्यांची मजुरीही इतर कर्जांच्या आधी येते. हे वाचून मला फार बरं वाटलं. बँका आणि सावकारांच्या आधी कायद्याला त्या बाईची आठवण आहे.

एक राहिलं. देणी बघता बघता आपली येणीही दिसतात. फाउलर बेड आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्यानं आणले होते, त्यांची १०,००० अनामत दुकानदाराकडे तशीच पडून होती. अशा अनामती शोधा.

नागपूरवरून

भाऊ गेला तेव्हा कॅशलेस मंजूर झालं होतं. नंतर हॉस्पिटलचं पत्र आलं की विमा कंपनीनं २७,६५० कापले, ते भरा. आम्ही तपशीलवार बिल आणि विमा कंपनीचं सेटलमेंट पत्र, दोन्ही मागितलं. तपशीलवार बिल हा रुग्ण हक्क सनदेतला हक्क आहे, तो रुग्ण गेल्यावर संपत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर काही वस्तू दोनदा लागलेल्या दिसल्या. त्या त्यांनी काढल्या. हातमोजे वगैरे विम्यात न बसणारं जे खरंच वापरलं होतं, ते आम्ही भरलं.

भरती करताना फॉर्मवर सही कुणाची होती, ते आधी बघा. वहिनीनं 'बिलाची जबाबदारी माझी' अशा मजकुराखाली सही केली होती. मग ते नुसतं गेलेल्या माणसाचं देणं राहत नाही, सही करणाऱ्याचंही होतं.

वकील, छत्रपती संभाजीनगर

धागाकर्ती ताई, तुमच्या नोटिशीबद्दल लिहितो. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचं समन्स नव्हे. नोटिशीतले पंधरा दिवस त्यांनी ठरवलेले आहेत. उत्तर द्यायची सक्ती नाही, पण द्या. गप्प राहिल्यावर पुढे 'तेव्हा का बोलला नाहीत' हा प्रश्न येतोच. समन्स आलं तर मात्र गोष्ट वेगळी. दिवाणी दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे आपलं उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. कोर्ट कारण पाहून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. तारीख चुकली तर एकतर्फी हुकूम होतो आणि तो फिरवायला मूळ रकमेपेक्षा जास्त खर्च येतो.

दुसरं म्हणजे वारस मृताच्या देण्याला जबाबदार असतो तो त्याच्या हाती आलेल्या मिळकतीपुरताच. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५२ तेच सांगतं. बापाचं कर्ज मुलाने धर्म म्हणून फेडायचं, ही जुनी जबाबदारी हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीनं ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरती संपली. तुमच्या काकांच्या बाबतीत पत्नी, मुलं, आई नसतील आणि वडीलही हयात नसतील, तर भाऊ-बहिणी बरोबरीनं वारस. म्हणून बाबांनी एकट्यानं 'देतो' म्हणू नये आणि आत्यांनी एकट्यानं 'नाही' म्हणू नये. उत्तर तिघांचं एकत्र जावं.

मजकूर छोटा ठेवा. आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून कळवतो की मागणीचा तपशील नाही. खर्चाचं स्वरूप, तारखा, पावत्या, रक्कम कोणत्या मार्गाने दिली आणि कुणाच्या सांगण्यावरून खर्च केला, हे कळवावे. तोवर मागणी मान्य किंवा अमान्य करता येत नाही. पोच मिळेल अशा रीतीनं स्पीड पोस्टानं पाठवा. 'तुम्ही कुठे होतात तेव्हा' वगैरे वाक्यं घालू नका.

धागाकर्ती, पुणे

तिघांच्या सह्यांनी असंच पत्र गेलं. त्यांच्याकडून तीन पावत्या आल्या: ॲम्ब्युलन्स, स्मशानातलं सामान आणि एका रात्रीची औषधं. एकूण ९,२००. ते आम्ही तिघांनी वाटून लगेच दिले, आणि त्यांच्या धावपळीबद्दल आभार मानणारी दोन ओळींची चिठ्ठी बाबांनी स्वतः लिहिली. उरलेल्याबद्दल त्यांनी 'पाहतो' म्हटलं आहे. धागा चालू राहू दे.

सातारा जिल्ह्यातून

आजोबांच्या नावानं तालुका विधी सेवा समितीचा कागद आला: राष्ट्रीय लोकअदालत, दाखलपूर्व प्रकरण, फोनचं जुनं बिल १,८७०. घरात घबराट, पोलीस येतील का म्हणून. असं काही नसतं. दावा लागायच्या आधी मिटवता येतं का, हे बघायला बोलावतात. आम्ही मृत्यूचा दाखला आणि फोन बंद केल्याचा जुना अर्ज घेऊन गेलो, प्रकरण तिथंच निकाली निघालं. पण एक ध्यानात ठेवा, तिथं तडजोड दोघांच्या संमतीनंच होते आणि एकदा निवाड्यावर सही झाली की त्यावर अपील नाही. वाचल्याशिवाय सही करू नका.

सोलापूर

क्रेडिट कार्डाच्या वसुलीवाल्यांचे फोन. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांना फोन करता येत नाही. भावानं मागं काही ठेवलं नव्हतं. मृत्यूचा दाखला आणि तेवढं लिहून बँकेला पाठवलं, फोन थांबले.

मडगावहून

गोव्यात वारसा कायदा वेगळा आहे. इथे वाटणीसाठी इन्व्हेंटरीची कार्यवाही होते आणि त्यात मिळकतीबरोबर देणीही मांडतात. आमच्या मामेभावानं आजीच्या औषधांचा खर्च मागितला तेव्हा आम्ही त्याला तो तिथेच मांडायला सांगितला. सगळ्या वारसांसमोर कागद आले, कुणाच्या मनात किंतु राहिला नाही.

स्लाव, इंग्लंड

इथे आत्तेभावानं थेट कोर्टाचा क्लेम लावला: बाबांच्या अंत्यविधीचे आणि घरातल्या सामानाच्या विल्हेवाटीचे १,९०० पौंड. इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे असे दावे स्मॉल क्लेम्समध्ये चालतात. दाव्याचा तपशील हाती आल्यापासून १४ दिवसांत उत्तर द्यायचं. दावा मिळाल्याची पोच भरली तर एकूण २८ दिवस मिळतात. मी आधी पोच भरली आणि मग बचावात लिहिलं की दाव्यात खर्चाची फोड नाही, आणि मागणी माझ्याकडे आहे की बाबांच्या इस्टेटीकडे, हेही स्पष्ट नाही. इथे अंत्यविधी करणाऱ्या कंपनीशी ज्यानं सही करून करार केला, तोच कंपनीला देणं लागतो. मग तो ते इस्टेटीतून मागू शकतो. सही आत्तेभावाची होती, म्हणून अंत्यविधीची रक्कम इस्टेटीतून त्याला दिली. सामानाच्या खर्चाची पावती नव्हती, तो त्यानं सोडून दिला. आईनं त्याला पुढच्या दिवाळीला जेवायला बोलावलं होतं, तो आला.

अकोल्याहून

माझा प्रश्न आहे. बाबांच्या नावावर काहीच नव्हतं, घर आईच्या नावावर आहे, तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेलं. बाबांच्या उधारीसाठी एक जण 'घरावर बोजा चढवीन' म्हणतो.

वकील, छत्रपती संभाजीनगर

आईचं स्वतःचं घर ही बाबांची मिळकत नव्हे, त्यामुळे बाबांच्या देण्यासाठी ते पकडता येत नाही. आईनं कुठे जामीनदार म्हणून सही केलेली नाही ना, तेवढं तपासा. नसेल तर खरेदीखताची प्रत जोडून आईच्या सहीनं तसं लेखी कळवा. तो माणूस व्याजानं पैसे देत असेल तर त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, हे सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात विचारा. महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी २०१४च्या कायद्यानं गुन्हा आहे.