मदत हवी आहे: हाताने बनवलेला साबण, अमेरिकेतला मोक्रा कायदा आणि सुरक्षिततेचा पुरावा

नमस्कार मंडळी,

मी आणि माझ्या जाऊबाई मिळून घरी कोल्ड प्रोसेस पद्धतीने, म्हणजे मिश्रण न शिजवता, साबण बनवतो. राहायला अमेरिकेत. विक्री थोडी शनिवारच्या बाजारात, थोडी ऑनलाइन. सौंदर्यप्रसाधनांचे नियम बदलल्यापासून आमच्यासारख्या दोन माणसांच्या उद्योगाने नेमके काय करायचे, यावर आमचे सतत बोलणे होते आणि दर वेळी एकाच जागी येऊन अडते. इथे कोणी साबण बनवणारे असतील, फार्मसी किंवा रसायनशास्त्रातले असतील, कॉस्मेटिक कंपनीत रेग्युलेटरीचे काम करणारे असतील, तर कृपया वाचा. जरा लांबेल. आम्हाला समजले आहे ते आधी मांडते, म्हणजे चुकत असेल तिथे थांबवता येईल.

१९३८ सालच्या फूड, ड्रग अँड कॉस्मेटिक कायद्याने सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येतून साबण वगळला आहे. मात्र 'साबण' कशाला म्हणायचे, ते एफडीएने (अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन) नियमात बांधून दिले आहे. वडीचा बहुतेक भाग फॅटी अ‍ॅसिडचा अल्कली क्षार (तेल आणि सोड्याच्या संयोगातून तयार होतो तो) असला पाहिजे, मळ निघतो तो त्याच क्षारामुळे निघाला पाहिजे, आणि माल फक्त साबण म्हणूनच विकला गेला पाहिजे. तिन्ही अटी पाळल्या की आपण एफडीएच्या नव्हे, तर ग्राहकोपयोगी वस्तूंची सुरक्षितता बघणाऱ्या सीपीएससीच्या अखत्यारीत येतो. पहिल्या दोन अटींत आम्ही सहज बसतो. ऑलिव्ह, खोबरेल, शिया बटर आणि कॉस्टिक सोडा. सिंथेटिक डिटर्जंट अजिबात नाही. अडचण तिसरीत आहे.

वेष्टनावर 'त्वचा मऊ ठेवतो' असे छापले की वडी कॉस्मेटिक ठरते. 'मुरुमे घालवतो' किंवा 'एक्झिमाला आराम' म्हटले तर थेट औषध. वडी तीच, घाणा तोच. मला हे तत्त्व पटते. आपण ग्राहकाला काही कबूल केले की त्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. पण आमच्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा तेच विचारत येतो. एखादी आई बाळाच्या कोरड्या त्वचेबद्दल विचारते, कोणी आपले हात पुढे करून भेगा दाखवतो. आमच्या साबणात ग्लिसरीन तसेच राहते, ५ टक्के तेल मुद्दाम न साबणलेले सोडलेले असते, हे सगळे खरे आहे. तरी ते कसे सांगायचे आणि कुठे थांबायचे, हे समजत नाही.

आता मोक्रा. मॉडर्नायझेशन ऑफ कॉस्मेटिक्स रेग्युलेशन अ‍ॅक्टवर २९ डिसेंबर २०२२ रोजी सही झाली. १९३८ नंतर एफडीएच्या कॉस्मेटिकविषयक अधिकारांत झालेला हा सगळ्यात मोठा बदल. कारखान्याची नोंदणी, प्रत्येक उत्पादनाची यादी, उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींचे नियम, गंभीर त्रास झाला तर कळवणे, माल परत मागवायला लावण्याचा अधिकार, असे बरेच काही त्यात आले. छोट्यांसाठी सूटही आली: मागच्या ३ वर्षांतली कॉस्मेटिकची सरासरी वार्षिक विक्री १० लाख डॉलरच्या आत असेल तर नोंदणी, यादी आणि उत्पादन पद्धतींचे नियम लागू नाहीत. डोळ्याच्या आतल्या ओल्या त्वचेला नेहमी लागणारी किंवा २४ तासांहून जास्त काळ रूप बदलणारी उत्पादने, टोचायची आणि शरीराच्या आत वापरायची उत्पादने यांना ती सूट मिळत नाही. त्यांच्याशी आमचा संबंध नाही.

ही सूट मिळाली म्हणून हस्तोद्योगातल्या अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. माझे मत वेगळे आहे. नोंदणीला तशीही फी नव्हती. एक संध्याकाळ बसून फॉर्म भरला असता. खरे वजन आहे ते ज्यातून सूट नाही त्यात. प्रत्येक उत्पादनाच्या 'सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा' आपल्याकडे असला पाहिजे, तो नसेल तर माल भेसळयुक्त धरला जातो. वर्षानुवर्षे एकच शाम्पू लाखो बाटल्यांत भरणाऱ्या कंपनीला एक फाइल पुरते. आमच्याकडे हिवाळ्यात एक सुगंध, उन्हाळ्यात दुसरा, एखाद्या गिऱ्हाइकासाठी बिनवासाची वडी, कधी चिकणमाती, कधी ओट्स. घाणे लहान आणि प्रकार पुष्कळ, हेच तर हाताच्या कामाचे स्वरूप आहे. तेवढ्या फाइली करायच्या का?

एक घाणा जवळून दाखवते. ७०० ग्रॅम ऑलिव्ह, ३०० ग्रॅम खोबरेल. ऑलिव्हच्या दर ग्रॅमला साधारण ०.१३४ ग्रॅम आणि खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा धरला तर एकूण सुमारे १४९ ग्रॅम लागतो; ५ टक्के तेल मोकळे ठेवायचे म्हणून आम्ही १४१ घालतो. वजनकाट्यावर हे चुकले तर वडी हाताला झोंबते, म्हणून सोडा एक जण मोजते आणि दुसरी ताडून बघते. ४ ते ६ आठवडे वड्या जाळीवर सुकतात. इथपर्यंत आम्हाला पूर्ण खात्री आहे. मग त्यात लव्हेंडरचे तेल येते आणि खात्री डळमळते. लव्हेंडरमध्ये लिनॅलूल असते, हवेशी संयोग होऊन ते जुने झाले की काहींच्या त्वचेला त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकते. दोन पुरवठादारांचे कागद शेजारी ठेवले तर लिनॅलूलचे आकडे वेगळे. बाटली बदलली की पुरावाही बदलायचा का?

तर प्रश्न असे. पुरेसा पुरावा म्हणजे प्रयोगशाळेतली चाचणी धरायची की कागदोपत्री माहिती चालते? फाइल प्रत्येक सुगंधाची वेगळी ठेवता की एकत्र? आणि निव्वळ साबण म्हणूनच विकून या सगळ्याबाहेर राहावे, असे जाऊबाईंचे म्हणणे आहे. मला वाटते की बाहेर राहिलो तरी फाइल असावी, कारण त्वचा गिऱ्हाइकाचीच असते. पण वेष्टनावर 'लव्हेंडर' लिहिले तरी आपण बाहेर राहतो का, हेच मला नक्की सांगता येत नाही. अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

प्रतिसाद

नमस्कार ताई. मी कॉस्मेटिक कंपनीत रेग्युलेटरीचेच काम करतो, म्हणून लिहितो आहे. हा कायदेशीर सल्ला नव्हे, पण रोजच्या कामातले सांगतो.

पुराव्यासाठी कायद्याने कुठलीही ठरावीक चाचणी सांगितलेली नाही. चाचण्या, अभ्यास, संशोधन, विश्लेषण किंवा इतर माहिती, जी त्या विषयातल्या जाणकारांना 'उत्पादन सुरक्षित आहे असे रास्त खात्रीने म्हणता येते' इतपत पुरेशी वाटेल, ती चालते. त्यामुळे घटकांवर आधीच उपलब्ध असलेली माहिती वापरता येते. कॉस्मेटिक इन्ग्रेडिएंट रिव्ह्यू ही संस्था १९७६ पासून घटकांच्या सुरक्षिततेचे अहवाल काढते आहे आणि ते मोफत वाचता येतात. सुगंधाच्या बाबतीत पुरवठादाराकडून इफ्राचे (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाणपत्र मागा. त्यात प्रत्येक वापरासाठी कमाल प्रमाण दिलेले असते. वडीच्या साबणासाठी वर्ग ९ बघायचा. वर्ग ४ किंवा ५ चा आकडा उचलू नका, ते परफ्यूम आणि क्रीमचे आहेत. तुमच्या रेसिपीतले प्रमाण त्या मर्यादेच्या किती खाली आहे, हे फाइलमध्ये गणितासह लिहून ठेवा.

'लव्हेंडर साबण' याबद्दल माझे मत: वडीला कसला वास आहे हे सांगणे म्हणजे वस्तूचे वर्णन. 'अंगाला दिवसभर सुगंध देतो' म्हटले की तो वापरणाऱ्यावर होणारा परिणाम झाला, आणि तो कॉस्मेटिकचा दावा. 'लव्हेंडरने मन शांत होते, झोप लागते' हे तर अजिबात लिहू नका. आणि हे फक्त वेष्टनापुरते नाही. वेबसाइट, इन्स्टाग्रामची पोस्ट, टेबलावर ठेवलेली पाटी, सगळ्यावरून उत्पादनाचा हेतू ठरवला जातो. भेगा दाखवणाऱ्या माणसाला साबणात काय आहे ते सांगा, तो त्याच्या भेगांचे काय करील ते सांगू नका.

दावा करून विकायचे ठरवलेत तर आणखी दोन गोष्टी. वेष्टनावर घटकांची पूर्ण यादी लागते, आणि त्रास झाल्यास कळवण्यासाठी अमेरिकेतला पत्ता, फोन किंवा वेबसाइटसारखा संपर्क द्यावा लागतो. ही दुसरी अट २९ डिसेंबर २०२४ पासून आहे आणि छोट्यांना त्यातून सूट नाही. गंभीर त्रासाची तक्रार आली तर एफडीएला कळवायला कामाचे १५ दिवस हातात असतात. गंभीर म्हणजे फक्त इस्पितळात भरती नव्हे; तीव्र आणि न जाणारे पुरळ, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचे भाजणे, खूप केस गळणे हेही त्यात येते. तक्रारींच्या नोंदी छोट्या उद्योगाने ३ वर्षे ठेवायच्या, इतरांनी ६.

---

प्रतिसाद

मी आयर्लंडमध्ये साबण बनवते. इकडे तुमच्यासारखी सूटच नाही. युरोपीय संघाच्या १२२३/२००९ या नियमाप्रमाणे साबण सरळ कॉस्मेटिक धरला जातो, मग महिन्याला २० वड्या विका नाहीतर २० हजार. विक्रीआधी सुरक्षितता अहवाल हवा, आणि तो फार्मसी, विषशास्त्र, वैद्यक अशा विषयातली पदवी असलेल्या मूल्यमापकानेच सही करून द्यावा लागतो. शिवाय युरोपात राहणारी जबाबदार व्यक्ती आणि सीपीएनपी या युरोपीय संघाच्या कॉस्मेटिक नोंदणी पोर्टलवर नोंद. सुरुवातीला मलाही हे सारे अशक्य वाटले होते.

फाइलींचा गुंता मात्र इथेच सुटला, म्हणून मुद्दाम लिहिते. माझ्या मूल्यमापकांनी प्रत्येक वडीचा वेगळा अहवाल न करता बेस ठरवून घेतला: तेले, सोडा, पाणी, सुपरफॅट (न साबणलेले तेल) पक्के. त्या बेसवर कुठले सुगंध, कुठल्या माती आणि कुठले रंग जास्तीत जास्त किती टक्के चालतील, याचा तक्ता. बेस बदलला तरच सगळे नव्याने. त्यामुळे ऋतूप्रमाणे सुगंध बदलता येतो. तुम्हाला सही करणारा मूल्यमापक सक्तीचा नाही, पण मांडणी हीच घ्या. बेसची एक फाइल, आणि मागे प्रत्येक सुगंधाचे एकेक पान.

घट्ट साबणाची एक सोय आहे. त्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास आणि मोकळे पाणी कमी, त्यामुळे जंतू वाढायचा धोका लोशनपेक्षा फारच कमी. तुम्ही पुढे लोशन किंवा पातळ काही सुरू केलेत तर मात्र प्रिझर्वेटिव्ह आणि त्याची चाचणी याशिवाय पाऊल टाकू नका.

अ‍ॅलर्जीकारक सुगंधी घटकांबद्दल: इकडे धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्याच्या वर असतील तर लिनॅलूल, लिमोनीन, सिट्रल वगैरे नावे वेष्टनावर छापावी लागतात. २०२३ मध्ये ती यादी २६ वरून ८० च्या वर नेली. मोक्रानेही एफडीएला अशी यादी ठरवायला सांगितले आहे, त्यामुळे आतापासून लिहायची सवय ठेवलीत तर पुढे वेष्टने फेकावी लागणार नाहीत.

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जाऊबाईंना वाचून दाखवले. आता असे ठरते आहे की दावे करायचे नाहीत, निव्वळ साबण म्हणूनच विकायचे, पण घटक आणि संपर्क छापायचे आणि बेसची फाइल करायची. ऑलिव्ह-खोबरेलचा एक बेस आणि शिया बटर घातलेला दुसरा, एवढ्यात आमचे बहुतेक प्रकार बसतात.

एकच अडले आहे. लव्हेंडरच्या बाटलीगणिक लिनॅलूल बदलते, त्याचे काय करता? दर वेळी पान नव्याने लिहायचे?

---

प्रतिसाद

आयर्लंडवाली पुन्हा. पान तेच राहू द्या, पण गणित सगळ्यात जास्त लिनॅलूल असलेल्या कागदावरून करा. त्या आकड्याला सुरक्षित असेल तर कमी असलेल्या बाटलीला असतेच. नवी बाटली आली की तिचा लॉट नंबर आणि उघडल्याची तारीख घाण्याच्या वहीत टिपा, आणि कागदावर तुमच्या आकड्याहून जास्त दिसले तरच गणित पुन्हा करा. उघडलेली बाटली थंड, अंधाऱ्या जागी घट्ट झाकून ठेवा. अर्धी झाली की लहान बाटलीत काढा, म्हणजे वर हवा कमी राहते. आणि प्रत्येक घाण्याची एक वडी तारीख घालून जपून ठेवा. सहा-आठ महिन्यांनी तिच्यावर नारिंगी डाग पडले किंवा खवट वास आला तर कुठले तेल कुठल्या लॉटचे होते, ते वहीत लगेच सापडते. तुमच्या शिया बटरच्या बेसचे प्रमाण इथे टाकलेत तर सोड्याचे गणित मी ताडून बघते.